हायपरकार्डातील लपलेले वाक्य

आज्ञा न लिहिता, केवळ रेखाटनाने वेब-ॲप्लिकेशनचा नमुना उभा करणाऱ्या साधनांस ‘कोडविरहित’ म्हणण्याची रूढी पडली आहे. भाषाभ्यासकास हे विशेषण खटकावे. या साधनांचा एक पूर्वज म्हणजे बिल ॲटकिन्सन यांचे हायपरकार्ड होय. ॲपल कंपनीने ते 1987 साली मॅकिन्टॉशसोबत देण्यास आरंभ केला.

हायपरकार्डात पडदा म्हणजे कार्ड, आणि कार्डांचा गठ्ठा म्हणजे संपूर्ण कृती. बटण काढावे, ते दाबताच कोणते कार्ड यावे हे दाखवावे, की जोडणी झाली. अक्षरही लिहावे लागत नसे. परंतु त्याच क्षणी हायपरकार्ड त्या बटणामागे हायपरटॉक भाषेतील वाक्य स्वतःच लिहून ठेवी : अमुक कार्डाकडे जा. इंग्रजी वळणाचे हे आज्ञार्थी वाक्य उघडून वाचता येई, बदलताही येई. वाचन, टंकन, चित्रण, रचना व आज्ञालेखन या पाचही पायऱ्या एकाच जिन्याच्या होत्या. आमच्या मते हायपरकार्डाचे खरे महत्त्व येथे आहे.

पेई-युआन वेई यांस व्हायोला या आरंभीच्या वेब-ब्राउझरची प्रेरणा हायपरकार्डापासूनच मिळाली. खुद्द हायपरकार्डाची विक्री 2004 मध्ये थांबली.

फिग्मासारख्या आजच्या साधनात पडद्यापासून पडद्याकडे बाण ओढावयाचा व त्याची क्रिया ठरीव यादीतून निवडावयाची. सोय मोठी, यात शंका नाही. पण यादी म्हणजे वाक्य नव्हे. 2023 साली फिग्माने नमुन्यांत चले व ‘जर-तर’ अटी यांची योजना केली, तेव्हा वगळलेल्या व्याकरणास पुन्हा आत घ्यावे लागले.