चारशे त्रेचाळीस नाबाद : विक्रम, प्रतिकार आणि नोंदवही

क्रीडेतील विक्रमांच्या याद्या साहित्याच्या अभ्यासकांनी सहसा गंभीरपणे वाचलेल्या नाहीत. आकडा हा अर्थनिरपेक्ष असतो आणि अर्थाचा व्यवहार शब्दांपासून सुरू होतो, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. परंतु धावफलक ही देखील एक संहिताच होय. तिलाही कर्ता असतो, संकेत असतात आणि गाळलेल्या जागाही असतात. अशा एका संहितेचा इतिहास येथे पाहण्याचा विचार आहे. तिचा नायक कोल्हापूरचा आहे. तिच्यातील मुख्य संकेत म्हणजे आकड्याच्या डोक्यावरची नाबादपणा दर्शविणारी एक छोटी तारका.

भाऊसाहेब निंबाळकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना, याच शहरात त्यांचे निधन झाले. सुमारे चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत ते बडोदे, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा अनेक संघांकडून खेळले. ८० प्रथमश्रेणी सामने, ४,८४१ धावा, ४७.९३ ची सरासरी आणि १२ शतके हा त्यांचा हिशेब. अधिकृत कसोटी सामना मात्र त्यांच्या वाट्याला एकही आला नाही. तरीही क्रिकेटच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर, रणजी करंडकाच्या सामन्यात काठेवाडविरुद्ध त्यांनी केलेल्या नाबाद ४४३ धावांमुळे.

सामन्याचे तपशील थोडक्यात असे. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. तीत भांडारकरांचे द्विशतक (२०५) होते. निंबाळकर ४९४ मिनिटे खेळले. त्यांच्या खेळीत ४९ चौकार आणि एक षटकार होता. म्हणजे २०२ धावा सीमापार फटक्यांच्या, आणि उरलेल्या २४१ पळून काढलेल्या. विक्रमी खेळींच्या वर्णनांत चौकारांचा गजर असतो, पण या खेळीचा निम्म्याहून अधिक भाग पायांनी रचलेला आहे. आकडा नीट वाचला तर तो असे काही सांगतो, जे प्रशंसापर वर्णने सांगत नाहीत.

त्या वेळी प्रथमश्रेणी क्रिकेटमधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या होती डॉन ब्रॅडमन यांची. जानेवारी १९३० मध्ये सिडनी येथे न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध त्यांनी नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. बरोबरीसाठी निंबाळकरांना नऊ धावा हव्या होत्या आणि पुढे जाण्यासाठी दहा. खेळ विश्रांतीसाठी थांबला असताना काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. केवळ दोन षटके टाकू द्यावीत, मग आम्ही डाव घोषित करू, अशी विनंती महाराष्ट्राकडून झाल्याचे सांगितले जाते. ती मान्य झाली नाही. ब्रॅडमन यांनी पुढे निंबाळकरांना पत्र पाठवून ही खेळी आपल्या खेळीहून सरस असल्याचे कळविले, अशीही हकीकत प्रसिद्ध आहे.

या प्रसंगाचे प्रचलित कथन सरळ आहे. एका संस्थानिकाच्या अहंकाराने एका मराठी फलंदाजाचा विश्वविक्रम हिरावला. हे कथन खोटे नाही, पण अपुरे आहे. काठेवाडातील संस्थाने एकत्र येऊन १५ फेब्रुवारी १९४८ रोजी सौराष्ट्राचे नवे राज्य अस्तित्वात आले होते. राजकोटच्या गादीचा मान उरला होता, सत्ता उरली नव्हती. कोल्हापूर संस्थानाचे विलीनीकरणही १ मार्च १९४९ रोजी, म्हणजे या सामन्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत व्हायचे होते. राज्य नुकतेच गमावलेल्या एका माणसाच्या हाती त्या दिवशी एकच अधिकार उरला होता, खेळ थांबविण्याचा. ठाकोरसाहेबांच्या मनात हेच होते असा दावा आम्ही करीत नाही. मनातील गोष्टींची नोंद धावफलकात नसते. परंतु १९४८ साल बाजूला ठेवून हा नकार वाचणे म्हणजे संहितेतून संदर्भ खरवडून काढणे होय.

आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी. आपल्या संघाचे नाव विक्रमाच्या यादीत पराभूत म्हणून लागू नये, हा त्या नकाराचा हेतू मानला जातो. प्रत्यक्षात घडले उलटे. त्या दहा धावा झाल्या असत्या तर जानेवारी १९५९ मध्ये हनीफ मोहम्मद यांनी कराची येथे ४९९ धावा केल्यावर काठेवाडचे नाव यादीत एक पायरी खाली सरकले असते, आणि फारसे कोणाच्या स्मरणात राहिले नसते. आज ते राहिले आहे ते केवळ नकारामुळे. हनीफ यांचा जन्म जुनागढचा, म्हणजे काठेवाडचाच, हा इतिहासाचा योगायोग. त्यांचीही धावसंख्या एका उणिवेसाठीच प्रसिद्ध आहे. फलकावर ४९६ धावा दिसत होत्या, प्रत्यक्षात त्या ४९८ झाल्या होत्या. पाचशेचा टप्पा गाठण्याच्या घाईत ते धावबाद झाले. पाचशेचा आकडा अखेर ओलांडला ब्रायन लारा यांनी, १९९४ मध्ये एजबॅस्टन येथे नाबाद ५०१ धावा करून. तेथे सामना निकालाच्या दृष्टीने केव्हाच संपला होता, तरीही डाव चालू राहिला. पुण्यात खेळ थांबल्याने आकडा थांबला आणि एजबॅस्टनला निकाल संपल्यावरही आकडा वाढत राहिला. दोन्ही ठिकाणी आकड्याचे भवितव्य फलंदाजाइतकेच प्रतिपक्षाच्या संमतीवर अवलंबून होते.

येथे मूळ मुद्द्याशी येता येते. विक्रम हा एकट्याचा नसतो, तो दोन पक्षांनी मिळून लिहिलेला मजकूर असतो. प्रतिपक्षाने प्रतिकार करावा लागतो, तेव्हाच आकड्याला वजन येते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दरवर्षी निवडक ताऱ्यांचा एक प्रदर्शनीय सामना होतो. २०२४ च्या त्या सामन्यात पूर्व विभागाने २११ आणि पश्चिम विभागाने १८६ गुण केले. एका संघाने दोनशेचा टप्पा ओलांडण्याची त्या सामन्यांच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ. परंतु त्या विक्रमाचे स्वागत होण्याऐवजी टीकाच अधिक झाली, कारण मैदानावर बचाव नावाची गोष्ट जवळजवळ नव्हती. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरी येथे गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ६०६ धावांची अखंड भागी केली. दोघांचीही त्रिशतके झाली. त्या सामन्यात अरुणाचलचा पहिला डाव ८४ धावांत संपला होता. या विक्रमाची नोंद खरी आहे, तिचे मोल मात्र प्रत्येक वाचक आपापल्या मनात वजाबाकी करून ठरवितो.

निंबाळकरांच्या खेळीबाबतही ही वजाबाकी केली गेली आहे. काठेवाडची गोलंदाजी दुबळी होती, खेळपट्टी फलंदाजांना अनुकूल होती, असे म्हटले जाते. त्या हंगामाची साक्षही तशीच आहे. मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात झालेल्या रणजी सामन्यात सात दिवसांत २,३७६ धावा झाल्या. मुंबईच्या ६५१ व ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ व ६०४. चौथ्या डावात सहाशे धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. अशा काळात धावांचे चलन फुगलेले होते हे मान्य करावे लागते. पण मग प्रश्न उरतो की त्याच खेळपट्ट्यांवर इतर कोणाला ४४३ पर्यंत का जाता आले नाही. भारतीय खेळाडूंमध्ये त्यांच्यानंतरची सर्वोच्च प्रथमश्रेणी धावसंख्या २०२३ साली पृथ्वी शॉ यांनी केलेल्या ३७९ धावांची आहे. पाऊणशे वर्षांत ६४ धावांचे हे अंतर बुजलेले नाही.

प्रतिकाराच्या कसोटीवर पूर्ण उतरणारे विक्रम पाहायचे तर मुंबईच्या चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामन्यांकडे वळावे लागते. त्या काळातले ते ताऱ्यांचेच सामने होत, परंतु ताऱ्यांची वाटणी धर्मानुसार होई. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. 'इतर' नावाच्या संघाचा पहिला डाव १३३ धावांत संपला. दुसऱ्या डावातील ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सहाव्या गड्यासाठी बंधू विवेक यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. संघ डावाने हरला. सांगलीत जन्मलेले, मराठी बोलणारे हजारे ख्रिस्ती असल्यामुळे 'इतर' ठरले होते. तीनशे नऊ हा आकडा अस्सल आहे, पण ज्या रकान्यात तो लिहिला गेला त्या रकान्याचे नावच सदोष आहे. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये ते बंद झाले. क्रीडेतील प्रतिकार जेथे सर्वांत कसदार होता, तेथे त्यामागची सामाजिक विभागणी सर्वांत आक्षेपार्ह होती, ही गोष्ट क्रिकेटच्या इतिहासकाराला टाळता येत नाही.

रकान्यांचा हा प्रश्न पळवणकर बंधूंच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पळवणकर बाळू यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात, खेळ सुरू असतानाच्या विश्रांतीत, चहा वेगळ्या भांड्यातून आणि तंबूबाहेर दिला जाई. गुणवत्ता निर्विवाद असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मकथन १९४८ साली, म्हणजे निंबाळकरांच्या खेळीच्याच वर्षी प्रकाशित झाले. मराठी दलित आत्मकथनांचा विचार करताना या पुस्तकाचा उल्लेख अभावानेच होतो, आणि तो व्हायला हवा. बळींच्या आकड्याला जात नसते असे आपण म्हणतो. तो आकडा उभा राहण्यासाठी काय सोसावे लागले हे सांगायला मात्र आत्मकथनच लागते.

कोल्हापूरकरांना हे समजणे अवघड जाऊ नये. आमच्या शहराची क्रीडास्मृती आकड्यांवर उभीच नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या लोकांना आठवतात त्या कोणी कोणाला कोणत्या डावावर चितपट केले, या स्वरूपात. तेथे सरासरी नाही, दशांश चिन्ह नाही. 'डाव' हा एकच शब्द मराठीने कुस्तीला आणि क्रिकेटला दिला. कुस्तीतला डाव क्षणात संपतो आणि गोष्ट होऊन राहतो, क्रिकेटमधला डाव दिवसभर चालतो आणि आकडा होऊन राहतो. निंबाळकरांच्या खेळीचे वैशिष्ट्य असे की ती दोन्ही झाली. विक्रम पूर्ण झाला असता तर ती केवळ आकडा राहिली असती. प्रतिपक्षाने मैदान सोडले, आणि कुस्तीच्या भाषेत सांगायचे तर निकाली न झालेली ही लढत गोष्टीच्या प्रांतात गेली.

म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू की विक्रमाची ओळ कथेसारखी वाचावी. समोर कोण होते, त्यांनी प्रतिकार केला की नाही, खेळ कोणी थांबविला, आणि हा आकडा कोणत्या नावाच्या रकान्यात लिहिला गेला, हे विचारावे. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हलवर ब्रॅडमन शून्यावर बाद झाले आणि शंभरच्या कसोटी सरासरीला चार धावा कमी पडल्या. ९९.९४ हा आकडा जगाने त्या उणिवेसकट जपला. त्यानंतर चार महिन्यांनी पुण्यात दहा धावा कमी पडल्या, त्या फलंदाजाच्या चुकीने नव्हे. ब्रॅडमन यांची उणीव त्यांच्या बॅटमधून आली, निंबाळकरांची प्रतिपक्षाच्या नकारातून. यादीत मात्र दोन्ही केवळ आकडे म्हणून छापले जातात. चारशे त्रेचाळीसवरची ती तारका एवढेच सांगते की या माणसाला कोणी बाद केले नाही. खेळ कोणी थांबविला, हे सांगणारे चिन्ह धावफलकाच्या लिपीत नाही. ते इतिहासलेखनालाच पुरवावे लागते.