म्युटेशन म्हणजे काय? डीएनएमधलं एकच अक्षर बदललं तर काय होतं?

म्युटेशन म्हटलं की आपल्याला एक्स-मेन आठवतात, नाहीतर कोरोनाचे व्हेरिएंट. पण प्रत्येक बाळ आई-वडिलांच्या डीएनएत नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल घेऊन जन्माला येतं. तुम्हीही आलात, मीही आलो. त्यातल्या बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही. मग कधी होतो? ते आपण सिकलसेलच्या उदाहरणावरून बघूया.

आधी बेसिक. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली भलीमोठी फाइल समजा. आईकडून सुमारे ३०० कोटी अक्षरं येतात, वडिलांकडून जवळपास तेवढीच. जनुक, म्हणजे जीन, हा त्या फाइलचा एक तुकडा. त्यात बहुधा एखादं प्रोटीन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल.

बदल होतो कसा?

पेशीचं विभाजन होण्याआधी ही अख्खी फाइल कॉपी होते. कॉपी करणारं एन्झाइम स्वतःच चुकीचं अक्षर काढून टाकतं, आणि त्यातून सुटलेलं पकडायला दुसरी यंत्रणा असते. शेवटी १०० कोटी अक्षरांत एखादी चूक उरते, किंवा त्याहूनही कमी. (आमच्या टेस्टिंग टीमला हा आकडा सांगायची माझी हिंमत नाही.) उन्हातले अतिनील किरण आणि तंबाखूचा धूर यांनीही डीएनए बिघडतो. असा बदल त्वचेच्या किंवा फुप्फुसाच्या पेशीत झाला तर तो त्या माणसापुरता राहतो. कॅन्सर अशाच बदलांतून सुरू होतो. बीजांडात किंवा शुक्राणूत झाला तरच तो मुलांपर्यंत जातो.

एक अक्षर, दोन निकाल

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. साखळीतल्या सहाव्या अमिनो आम्लासाठी शब्द आहे जीएजी, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. शेवटचं अक्षर बदलून जीएए झालं तरी अर्थ तोच राहतो, कुणाला पत्ताही लागत नाही. मधलं बदलून जीटीजी झालं की तिथे व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे भयंकर वेदना होतात. शिवाय त्या लवकर फुटतात, म्हणून अ‍ॅनिमिया. डीएनए वाचायची सोयही नव्हती तेव्हा, १९५७ मध्ये, व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा एका अमिनो आम्लाचा फरक दाखवून दिला होता.

कोडमधल्या बगची उपमा मात्र इथे थांबते. हा बदल आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो आणि सहसा ठणठणीत राहतो. उलट गंभीर मलेरियापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या पट्ट्यात हा बदल टिकून राहिला: आफ्रिकेत, मध्य भारतात, आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबारकडे.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन नीट होणार’ हा हिशोब साफ चुकीचा आहे, दर वेळी फासा नव्याने पडतो. आणि आजारी मुलात हा बदल दोघांकडूनही आलेला असतो, त्यामुळे एकट्या सुनेला बोल लावण्यात काडीचाही अर्थ नाही.

२०२३ पासून सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आहे. तुमच्या भागात होत असेल तर करून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा: सॉल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. तो दुसरा रिपोर्ट मागून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.