सजगता आणि स्वायत्त प्रेरणा

या क्षणी मनात व शरीरात जे घडत आहे त्याकडे, त्याला बरे-वाईट न ठरवता, लक्ष असणे म्हणजे सजगता. बक्षीस, धाक किंवा लाज यांपोटी नव्हे, तर पटते किंवा आवडते म्हणून कृती करणे म्हणजे स्वायत्त प्रेरणा. आत्मनिर्णय सिद्धांताच्या अभ्यासकांनी या दोहोंचा संबंध जोडला.

सिद्धांत : एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात ठोकळ्यांचे सोमा कोडे सोडवण्यासाठी विद्यार्थ्यांना एका टप्प्यात पैसे दिले, ते थांबल्यावर मोकळ्या वेळेत कोड्याला हात लावणे कमी झाले. पुढे रिचर्ड रायन यांच्यासह त्यांनी सिद्धांत विस्ताराने मांडला (१९८५). बाह्य दडपण आणि निखळ आवड यांच्यामध्ये त्यांनी पायऱ्या मानल्या. त्यांपैकी सर्वांत फसवी पायरी आतून येणाऱ्या दडपणाची. अपराधी वाटू नये म्हणून रोज व्यायाम करणारा स्वतःच्या मर्जीने वागतो असेच सर्वांना, कित्येकदा त्यालाही, वाटते. सजग माणसाला हा आतला धाक ओळखू येतो, आणि मग व्यायाम करायचा की नाही हे तो ठरवू शकतो.

मापन : कर्क वॉरन ब्राउन व रायन यांची प्रश्नावली (२००३) १५ विधानांची आहे. नकळत खात राहणे, नुकतेच ऐकलेले नाव विसरणे अशा बेसावधपणाच्या नोंदींवरून ती सजगता ठरवते. त्यामुळे ती सजगता मोजते की तिचा अभाव, यावर मतभेद आहेत.

स्वनियमन : ॲलन मारलॅट यांच्या गटाने सिएटलजवळच्या तुरुंगात, सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास केला (२००६). सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिरार्थींमध्ये दारू, गांजा व क्रॅक कोकेनचे सेवन इतर कैद्यांपेक्षा कमी आढळले. व्यसनाची ओढ दाबायची नाही, तिच्यामागे जायचेही नाही. ती लाटेसारखी चढताना व ओसरताना पाहत राहायचे, हे तंत्र मारलॅट यांच्या उपचारपद्धतीत मध्यवर्ती आहे. मात्र कैदी शिबिराला स्वखुशीने बसले होते. बदलाची इच्छा त्यांच्यात आधीच असू शकते.

शिक्षण : महाराष्ट्रातील शाळांत आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देणे, शिकवले जाते; पण वेळापत्रकाने लादलेल्या तासातून स्वायत्तता वाढेल, हे गृहीत धरता येत नाही.

२०२० च्या एका व्यापक आढाव्यात सजगता व स्वायत्त प्रेरणा यांचा सहसंबंध धन आढळला. त्यातील बहुतेक पुरावा एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचा असल्याने कार्यकारणाची दिशा त्यावरून ठरत नाही.