पितळेचे पातेले आणि एक बालरोग

१/ वणीपासून जवळच असलेले नाशिक आणि तिकडे पुणे ही दोन्ही शहरे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेली. याच भांड्यांशी एका दुर्मीळ, जीवघेण्या बालरोगाचा इतिहास जोडलेला आहे. इंडियन चाइल्डहुड सिरोसिस हे त्याचे नाव.

२/ कलकत्त्यात १८८७ मध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली. साधारण एक ते तीन वर्षांचे मूल किरकिरे होई, पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे. कावीळ झाली की काही महिन्यांत सारे संपे. कित्येक घरांत एकामागून एक भावंडे याच रोगाने गेली. अशा आईला दोष देणारे पुष्कळ असत, कारण सांगणारा कोणीच नसे.

३/ १९७० च्या दशकाअखेर या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रचंड प्रमाण आढळले. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित, शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या आयांना साधेच प्रश्न विचारले: वरचे दूध केव्हा सुरू केले? कशात तापवले?

४/ उत्तर बहुधा एकच होते. अंगावरचे दूध लवकर तुटलेले, आणि गाई-म्हशीचे दूध कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात तापवून तसेच ठेवलेले. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. म्हणजे कदाचित रुखवतात आलेले, मायेने घासूनपुसून ठेवलेले भांडेच घात करीत होते.

५/ १९८३ मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आला. कुटुंबांना सल्ला सोपा होता: बाळाला अंगावर पाजा, पितळ बाजूला ठेवा, स्टील वापरा. कावीळ होण्यापूर्वी पेनिसिलामाइन सुरू झाले, तर काही मुले वाचूही लागली.

६/ तरीही त्याच पितळेतले दूध पिऊन असंख्य मुले धडधाकट राहिली, ती का? काही संशोधकांना तांब्याचे कारण कधीच पटले नाही. १९९६ मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोलमधून जवळचाच दाखला आला. तेथे १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालके दगावली होती. दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यातले, आणि वंशावळींत आनुवंशिक दोषाची खूण. दोष आणि भांडे, दोन्ही एकत्र आले की रोग.

७/ तोवर महाराष्ट्रात स्टील घरोघर पोहोचले होते. कल्हईवाल्याची हाक विरळ झाली आणि बालरोग विभागांतून हा रोगही जवळजवळ दिसेनासा झाला.