वासोटा

सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील गिरिदुर्ग. दुसरे नाव व्याघ्रगड. उंची सुमारे 1,170 मीटर. कोयना अभयारण्यातली या गडाची वाट पुण्याच्या ट्रेकर मंडळींची फार लाडकी आहे, आणि ती लाडकी असावी अशीच आहे. दोर लागत नाही, अंगावर येणारा कातळ नाही, चढ सारा मिळून पाचशे मीटरच्या आसपास. तरीही उन्हाचा कवडसा शोधावा लागेल इतके दाट रान इथे भेटते.

हे रान टिकले त्यामागे कोयना धरण आहे. धरणाचा शिवसागर जलाशय भरला तशी नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, माणसे लांब जाऊन वसली आणि पलीकडच्या काठाला जायला होडीचीच वाट उरली. 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. 2010 मध्ये कोयना आणि दक्षिणेचे चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये दोन्ही जंगले पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेली. वासोट्याच्या शांततेचे कौतुक करताना गाव सोडून गेलेल्यांची आठवण ठेवायलाच हवी.

पुण्याहून मंडळी रात्री किंवा भल्या पहाटे निघतात आणि सातारा, कास असे करत बामणोली गाठतात. तिथे वनखात्याची परवानगी घ्यायची, होडी ठरवायची. सोबतच्या प्लास्टिकच्या वस्तूंची मोजणी होते आणि अनामत रक्कम ठेवावी लागते. परतताना तितक्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. सगळ्याच गडांवर हा नियम यायला हवा. होडीचा प्रवास तासाहून थोडा जास्त. थंडीत पाण्यावर धुके असते आणि वारा कानाला झोंबतो.

होडी पायथ्याच्या मेट इंदवलीला लागते. सुरुवातीला ओढा आणि मारुती, मग चढ. वाट ठळक आहे, पण पायाखाली वाळला पाला असल्याने पाऊल जपून टाकावे लागते. दोन्ही बाजूंना जांभूळ, अंजनी, त्याखाली कारवी. गवा, अस्वल, बिबट्या यांचे हे घर. दिसले नाहीत तरी खुणा दिसतात. वर शेंड्यावर शेकरू असते. दोन-अडीच तासांत पायऱ्या आणि पडके दरवाजे येतात.

माथ्यावर छप्पर नसलेल्या देवळात मारुती आहे, पुढे महादेवाचे मंदिर, पाण्याची टाकी, वाड्याचे जोते, चुन्याचा घाणा. पण खरे पाहायचे ते पश्चिमेला. बाबू कड्याची अर्धगोल भिंत सरळ कोकणात उतरते आणि समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर उभा असतो.

इतिहासात हा गड प्रामुख्याने तुरुंग म्हणून येतो. 1660 मध्ये तो स्वराज्यात आला आणि पुढे राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांपैकी काही कैदी इथे ठेवले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने हा गड पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध महिनोन्‌महिने लढवला. तिचे नाव सातारच्या बाहेर फारसे घेतले जात नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. 1818 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा करून गड घेतला.

सिंहगडाची सवय असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे : इथे वर पिठलं-भाकरी नाही, ताक नाही, डबा आपला आपणच न्यायचा. पावसाळ्यात जंगल बंद असते. ते उघडल्यावर सुरुवातीच्या दिवसांत ओलाव्याला जळवा असतात, म्हणून हिवाळा उत्तम. गडावर मुक्कामाला मनाई असल्याने संध्याकाळी होडी गाठावीच लागते. चढावर फुटणारी दुसरी वाट नागेश्वराच्या कपारीतल्या शिवलिंगाकडे जाते. महाशिवरात्रीला तिथे कोकणातल्या चोरवणे बाजूनेही भाविक चढून येतात. गड आणि नागेश्वर दोन्ही एका दिवसात होतात, मात्र त्यासाठी बामणोलीहून पहिल्या होड्यांमध्ये निघायला हवे. मुले किंवा वयस्क सोबत असतील तर नुसता गड करावा.