हजीरा बंदरातून परदेशी कापड मागवताय? आधी हे बघा

नवापूर-नंदुरबारच्या कापडवाल्याला न्हावा-शेवापेक्षा सुरतजवळचं हजीरा बंदर सोयीचं. पण जवळ आहे म्हणून लगेच ऑर्डर देऊ नका.

आयईसी क्रमांक हवाच. डीजीएफटीच्या साइटवर पॅनवरूनच मिळतो, फी 500 रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करायचा, काही बदल नसला तरी. नाहीतर बंद पडतो.

खरी मेख मालात आहे. बांगलादेशचे तयार कपडे मे 2025 च्या आदेशानुसार समुद्रमार्गे फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता बंदरातच उतरवायचे. म्हणजे त्या मालाला हजीरा बाद. वापरलेले जुने कपडे तर परवान्याशिवाय आणताच येत नाहीत.

कापडाचं गणित वेगळं. होजिअरीच्या, म्हणजे निटेड कापडाच्या, काही प्रकारांवर 2025 च्या बजेटपासून मूळ सीमाशुल्क 20 टक्के किंवा किलोला 115 रुपये, जे जास्त असेल ते. किलोला 300 रुपयांचं कापड घेतलं तर 20 टक्क्यांचे 60 होतात, भरायचे मात्र 115! स्वस्त मालालाच मार जास्त. म्हणून सौदा पक्का करण्याआधी एचएसएन कोड विचारून घ्या आणि कस्टम ब्रोकरला दाखवा.

त्यावर अधिभार, मग आयजीएसटी. जीएसटी नोंदणी असेल तर तो वळता होतो. कंपोझिशनवाल्याला मात्र खिशातूनच.