वाफेचा हिशेब

चैत्र सरत आला असताना, पंख्याखाली बसूनही घाम पुसावा लागत असताना, मी आपल्याला घाम येण्यासाठी पैसे मोजणाऱ्या एका शहराची गोष्ट सांगायला उभा आहे. तेव्हा आपल्यापैकी काहींना हसू आले असेल तर त्यात माझी तक्रार नाही. मला स्वतःलाही हा विषय प्रथम असाच चैनीचा वाटला होता. पण एका कारखान्यात आम्ही मागणीपत्र दिले, त्यात पाळी सुटल्यावर अंघोळीला गरम पाणी मिळावे असे एक कलम होते. पगाराच्या कलमावर तीन बैठका झाल्या; गरम पाण्याच्या कलमावर व्यवस्थापनाने फक्त स्मित केले आणि पान उलटले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२ व्या कलमाने कामगारांच्या धुण्याची सोय करण्याची जबाबदारी कारखान्यावर घातली होती, हे मी वाचून दाखवले. धुण्याच्या सोयीत गरम पाणी येते असे कुठे लिहिले आहे, असा उलट प्रश्न आला. त्या दिवसापासून अंगावरचा मळ धुण्याचा खर्च निरनिराळ्या देशांत कोणी सोसला, हे शोधण्याचा मला नाद लागला. त्या नादात मी हेलसिंकीला जाऊन पोचलो, म्हणजे पुस्तकांतून.

फिनलंड हा सुमारे ५५ लाख वस्तीचा देश. तिथे सौनांची संख्या ३० लाखांच्या घरात आहे असा अंदाज सांगतात. सौना म्हणजे लाकडी बाकांची बंद खोली. एका बाजूला दगडांनी भरलेली भट्टी. तिला ते ‘किउआस’ म्हणतात. दगड तापले की त्यांवर पळीने पाणी टाकायचे; उठणारी वाफ ती ‘लोयल्यू’. हवा ८० ते १०० अंशांपर्यंत तापते. बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी अंगावर मारून घेतात आणि मग गार पाण्याने धुतात. खेड्यात हे काम फुकट होते, कारण रान दाराशी होते आणि लाकूड तोडणारे हात घरचेच होते. जुन्या काळी बायका बाळंतही सौनातच होत. घरातली तीच सर्वांत स्वच्छ आणि ऊबदार जागा.

खेड्यातला माणूस शहरात कामाला आला की पहिला प्रश्न पडला तो या खोलीचा. हेलसिंकीत ‘लांब पूल’ नावाचा एक पूल आहे. त्याच्या अलीकडे व्यापारी आणि सरकारी कचेऱ्या. पलीकडे काल्लिओ, कामगारांची वस्ती. पुलाच्या पलीकडल्या टोकाशीच १९०८ मध्ये कामगारांनी आपले ग्रॅनाइटचे कामगार भवन उभे केले. काल्लिओतले बिऱ्हाड म्हणजे बहुधा एकच खोली, तिच्यातच चूल, आणि भाडे परवडावे म्हणून रात्रीपुरता ठेवलेला एखादा पोटभाडेकरू. आपल्या गिरणगावात राहिलेल्या माणसाला याहून जास्त वर्णन लागणार नाही. अशा खोलीत नळाला गरम पाणी नव्हते, मग सौना कुठला! म्हणून गल्लीगल्लीत सार्वजनिक सौनागृहे निघाली. तिकीट काढायचे, कपडे खुंटीला लावायचे आणि आठवड्याचा मळ घालवून यायचे. काल्लिओतले कोतिहार्यु १९२८ चे, आर्ला १९२९ चे. भरभराटीच्या काळात, म्हणजे गेल्या शतकाच्या तिसाव्या-चाळिसाव्या सालांच्या सुमारास, एकट्या हेलसिंकीत अशी शंभराहून अधिक सौनागृहे होती.

हा धंदा चालला कसा, याचे गणित साधे आहे. भट्टी तापवायला जे लाकूड लागते ते एकासाठी तापवा की पन्नासांसाठी, जवळजवळ तेवढेच लागते. मोठ्या भट्टीत दगडांचा ढीग एकदा तापवला की तो दिवसभर वाफ देतो. म्हणून माणसे जितकी जास्त, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी. पण तिकिटाच्या या किमतीत एक गोष्ट दिसत नाही, आणि माझ्यासारख्याचे लक्ष तिथेच जाते. सौनागृहात अंग चोळून धुऊन देणाऱ्या बायका असत. पुरुषांनाही त्याच धूत; फिनलंडमध्ये त्यात कोणाला वावगे वाटत नसे. त्यांचे पैसे गिऱ्हाइकाकडून वेगळे मिळत. दिवसभर दमट उष्ण हवेत वाकून काम. काही बायका तुंबड्या लावून रक्तही काढीत. कामगार शनिवारी सौनातून ताजातवाना होऊन बाहेर पडे, तेव्हा त्याच्या ताजेपणाचा काही भाग या बाईच्या पाठीवर लिहिलेला असे. कामगारांच्या इतिहासात तिच्यासाठी एखादे पान निघाले तर खूप झाले.

आता या गोष्टीतले वळण. ही शंभरावर सौनागृहे पुढे बंद पडत गेली आणि शतकाच्या अखेरीस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. आज त्यांच्याविषयी हळहळून बोलण्याची फॅशन आहे. मला ती हळहळ पुरती पटत नाही. ती बंद पडली याचे मोठे कारण असे की कामगारांना बरी घरे मिळाली. युद्धानंतर १९४९ मध्ये फिनलंडच्या सरकारने ‘आरावा’ नावाची गृहकर्ज योजना काढली आणि स्वस्त व्याजाच्या पैशातून वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्या काळच्या इमारतींत तळघरात एक सामायिक सौना असणे ही रीतच झाली. प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्यातला एक तास नेमून दिलेला. तो वर्षानुवर्षे त्याच घराकडे राहतो; शुक्रवार संध्याकाळचा तास मिळावा म्हणून लोक नंबर लावून थांबतात. रस्त्यावरचे सौनागृह रिकामे पडले ते या तळघरांमुळे. चाळीतल्या सामायिक मोरीत जो वाढला, नळाच्या रांगेत ज्याने बादल्यांवरून भांडणे पाहिली, तो माणूस सामायिक गोष्टीचे उगाच गोडवे गाणार नाही. परंतु नेमून दिलेली वेळ, कुलपाची किल्ली आणि आत गेल्यावर आपलेच कुटुंब, हे सामायिक असूनही सन्मानाचे होते.

पुढचे पाऊल मात्र निराळ्या दिशेने पडले. विजेची भट्टी आधीच निघालेली होती. धुराडे नको, लाकूड नको. १९८० च्या सुमारास नव्या फ्लॅटमध्येच दोन-चार चौरस मीटरचा खासगी सौना बसवू लागले. जाहिरातीत हा सर्वांत स्वस्त सौना. आपण जरा पेन्सिल घेऊन बसू. सहा किलोवॉटची भट्टी दीड तास चालली तर जास्तीत जास्त ९ युनिट वीज. युनिटला १५ सेंट धरले तर सव्वा-दीड युरोत अख्ख्या घराचे स्नान. महिन्यातून चार वेळा, साडेपाच युरो. पण जागेचे काय? हेलसिंकीत चौरस मीटरला ५ हजार युरो हा भाव काही जगावेगळा नाही. तीन चौरस मीटरचे झाले १५ हजार. त्यावर चार टक्के व्याज धरा; वर्षाला ६००, महिन्याला ५० युरो. म्हणजे दीड युरोचे दिसणारे स्नान पडले जवळजवळ १४ युरोंना. आणि गंमत अशी की अशा पुष्कळ सौनांत आज वाफ नसते. तिथे खोकी, बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या आणि जुने बूट ठेवलेले असतात. अडगळीच्या खोलीला इतके व्याज कोणी भरीत नसेल.

तळघरातल्या सामायिक सौनाच्या तासाला इमारतीप्रमाणे महिन्याला साधारण १० ते २५ युरो पडतात. त्यात सारा खर्च निघत नाही, उरलेला इमारतीच्या देखभालीच्या वर्गणीतून जातो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही चारजणांच्या घराला याहून स्वस्त काही नाही. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाला लागून सौना असतोच. तिथे मोठ्या माणसाचे तिकीट १० युरोंच्या आत, कारण तोटा करदाता भरतो. कोतिहार्यु अजून चालू आहे, अजून लाकडावर. तिथे माणशी १५ युरोंच्या वर पडतात. नवरा-बायको दर आठवड्याला गेले तर महिन्याला १२० युरो सहज उडतील. एके काळी ज्याच्या घरी काहीच सोय नव्हती त्याची ही जागा. आज ज्याच्या घरी सारे आहे तो तिथे हौसेने जातो आणि उन्हाळ्यात पंचा गुंडाळून फुटपाथवर बसतो. २०१६ मध्ये समुद्रकाठी, हेर्नेसारी भागात, ‘लोयल्यू’ याच नावाचे नवे सौनागृह उघडले. लाकडी इमारत सुरेख आहे, शेजारी उपाहारगृह आहे. दोन तासांचे २० युरोंहून अधिक. वाफ तीच, दगडही तसेच. पण तिथे मळ धुवायला कोणी जात नाही. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सौना संस्कृतीला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतले. सन्मान योग्यच आहे, पण तिकिटाचा भाव त्या यादीत लिहीत नाहीत.

या साऱ्या हिशेबात न बसणारा एक सौना आहे. त्याचे नाव सोम्पासौना. २०११ मध्ये जुन्या बंदराच्या ओसाड जागेवर काही लोकांनी टाकाऊ फळ्या आणि मिळाली ती भट्टी घेऊन तो उभा केला. परवानगी कोणाचीच नव्हती. पालिकेने सुरुवातीला पाडला, लोकांनी पुन्हा बांधला. पुढे त्यांची संस्था झाली, पालिकेशी बोलणी झाली, नव्या इमारती उठत गेल्या तशी जागाही बदलत गेली. तिथे तिकीट नाही, पहारेकरी नाही, दिवस-रात्र दार उघडे. जो आधी येईल त्याने लाकूड फोडायचे आणि भट्टी पेटवायची. फिनिश भाषेत अशा कामाला ‘ताल्कोत’ म्हणतात. आपल्याकडे शेतकरी त्याला इर्जिक म्हणतो. फुकट म्हणावे, तर तिथे कुऱ्हाड चालवावी लागते, आणि ती चालवणारे पुन्हा तेच दहा-वीसजण असतात. संघटनेची कचेरी ज्याने झाडली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर युरोपात वीज भलतीच महागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये फिनलंडमध्ये वीज वाचवण्याची देशव्यापी मोहीम निघाली. घरातले तापमान एक अंशाने उतरवा, सौनात कमी वेळ बसा, संध्याकाळच्या गर्दीच्या तासांना भट्टी लावू नका, असे सर्वांना सांगण्यात आले. विनंती सर्वांना सारखीच होती. फ्लॅटमधला सौना मात्र मालकाच्या मर्जीवर चालत राहिला. त्याच्या बटणाला कोणी हात लावू शकत नव्हते. तळघरातल्या सौनाचे तसे नव्हते. कित्येक इमारतींत व्यवस्थापनाने तास एकत्र केले, काही वारांना भट्टी बंदच ठेवली. वर्षानुवर्षे शुक्रवार संध्याकाळ सांभाळून असलेल्या घरांना तळघराच्या दारावर नवे वेळापत्रक लावलेले दिसले.